येसाजी दफेदाराची तातडी

हुणसेकट्टे सुधारणा मंडळात शिपाई पुष्कळ होते, पण दफेदार एकच. येसाजी मोहिते. अंगात पांढरा लांब कोट, कमरेला लाल पट्टा, डोक्याला जरीकाठी फेटा आणि छातीवर पितळी बिल्ला. बिल्ला असा घासलेला की समोरनं येणारा जटक्याचा, म्हणजे तिकडच्या टांग्याचा, घोडा बिचकावा. मोहित्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर घोडदौड करत बंगळूरला आलं, असं येसाजीचा बाप सांगायचा. ती दौड इथं येऊन जी थांबली ती थांबलीच. येसाजीपर्यंत येता येता घराण्यात पळणं म्हणून काही उरलं नव्हतं. त्याची चाल अशी, की गाभण म्हैस मागनं यायची, त्याला गाठायची आणि पुढं निघून जायची.

कुणी याला आळस म्हणालं तर येसाजी चिडायचा. ही चाल म्हणजे त्याची नोकरी होती.

त्याचं असं होतं. मंडळाच्या कायद्यात सभा दोन जातीच्या. साधी सभा असली की आठवडाभर आधी फळ्यावर नोटीस डकवायची, चौकात दवंडी पिटायची, पेपरवाल्यांना कळवायचं. तातडीची असली की फळा नाही, दवंडी नाही. मेंबरांना आणि पेपरवाल्यांना एकाच वेळी कळवायला माणूस धाडायचा आणि पेपरवाल्यांची पोच घ्यायची, बस्स. कायदा लिहिणारा कुणीतरी भला माणूस असणार. निरोप एकाच वेळी निघावा एवढं त्यानं लिहिलं, एकाच वेळी पोचावा हे लिहायला विसरला. बांधाला उंदराचं एक बीळ पुरतं, तसं मंडळाला तेवढं पुरलं.

मेंबरांकडं निरोप जायचा तो अध्यक्षांच्या मोटारीतनं. पेपरवाल्यांकडं जायचा तो येसाजीच्या पायांनी. सेक्रेटरी सुब्बाराव यांच्या टेबलावर टेलिफोन होता, नाही असं नाही. पण त्याच्या तबकडीला बोटभर कुलूप घातलेलं. कुणी विचारलंच तर सुब्बाराव म्हणायचे, "फोनवर सही मिळत नाही हो. उद्या पेपरवाले म्हणतील, आम्हाला कळवलंच नाही. आमचा दफेदार जातो, सही घेतो. कसं चोख काम!"

आणि मंडळाला तातडी तर फार. साधी सभा वर्षात एखाददुसरी, तीसुद्धा सत्यनारायणासारखी, प्रसाद घेऊन उठायचं. बाकी सगळं तातडीचं. अध्यक्षांच्या मेहुण्याच्या खाणीतली खडी घ्यायची, तातडीनं. सभागृहाला मखमली पडदे, तातडीनं. एका वर्षी बागेतल्या कारंज्याला पाणी नव्हतं, तर कारंज्याला रंग द्यायचा ठराव तातडीनं झाला.

नोकरीला लागला तेव्हा येसाजी ताजा गडी होता. पहिलीच तातडीची नोटीस हातात पडली तसा तो वळूसारखा उधळला. चिक्कपेठेतनं, बळेपेठेतनं माणसं बाजूला सारत गेला आणि पेपरवाल्यांच्या टेबलावर नोटीस आपटली. एक पेपरवाला खरंच सभेला आला, मागल्या बाकावर वही काढून बसला, आणि मेंबरांच्या तोंडाला जी बुचं बसली ती सुटेनात. गटाराचा एक गोमटा ठेका त्या दिवशी मोडला. दुसऱ्या दिवशी सुब्बारावांनी येसाजीला आत बोलावलं.

"येसाजी, तुला कुणी रे पळायला सांगितलं?"

"तातडीची हाय म्हणालात न्हवं, अण्णा?"

"सभा तातडीची आहे. तू कशाला तातडीचा?"

सुब्बाराव हे तंजावरी वळणाचे देशस्थ. घरात मराठी, कचेरीत कन्नड, कागदावर इंग्रजी आणि पोटात काय ते देवाला माहीत.

"वाटेत देवळं लागतात?"

"दोन लागतात. मारुती न् यल्लम्मा."

"दर्शन घेतोस?"

"सरकारी कामात कसं घ्यावं, अण्णा?"

"अरे, देवाला टाळून सरकारी काम? घेत जा. प्रदक्षिणा घाल. कॉफी पीत जा. जेवायची वेळ झाली तर घरी जाऊन जेव. मंडळ माणसाला उपाशी राबवतं असं कुणी म्हणायला नको. आणि स्वल्प हळू चाल. पडलास-बिडलास तर?"

येसाजीला सगळं कळलं. त्या दिवसापासनं तो हळू चालायला शिकला, आणि शिकला तो एखाद्या कसबासारखा. आधी मारुतीचं दर्शन, मग यल्लम्माचं. मग उडुप्याच्या हॉटेलात एक कॉफी दोघांत वाटून, आणि जोडीदार भेटेपर्यंत थांबून. मग घरी जेवण, जेवणावर पानसुपारी, पानसुपारीवर डोळा लागला तर लागला. नोटीस पेपरात पोचायची तेव्हा इकडं सभा उरकून मेंबर केसरीभात खाऊन ढेकर देत पायऱ्या उतरत असायचे.

पेपरवाले तरी काय दूधखुळे होते? लाल पट्टा दारात दिसला की सभा संपली, हे त्यांच्या अंगवळणी पडलं. सकाळचा इंग्रजी पेपर, सकाळचा कन्नड पेपर, दोघंही सही ठोकून कागद तारेला टोचायचे. तिसरा 'संजेदीप', संध्याकाळचा चार पानी कन्नड पेपर. त्याचे संपादक, बातमीदार आणि मुद्रितं तपासणारे सगळे मिळून एकटे हणमंतराव. तेही आपल्या मराठी माणसांपैकीच, पण चार पिढ्या इकडं मुरलेले, लोणच्यातल्या फोडीसारखे. त्यांनी तर बातमीचे छपाईचे खिळे जुळवून सुतळीनं बांधूनच ठेवले होते: 'मंडळाची तातडीची सभा आज खेळीमेळीत पार पडली. अमुक विषयावर साधकबाधक चर्चा होऊन तो पुढे ढकलण्यात आला.' फक्त अमुकच्या जागी विषयाचे खिळे बसवायचे की झालं.

"दरवेळी पुढं कसा काय ढकलता हो?" येसाजीनं एकदा विचारलं होतं.

"ठराव झाला म्हटलं की लोक विचारतात, कसा झाला, कुणी केला. पुढं ढकलला म्हटलं की कुणी काही विचारत नाही. मंडळ खूश, वाचक खूश. तू कॉफी घेणार?"

अशी वर्षं गेली. येसाजीच्या मिशीत पांढरे केस आले आणि एकसष्ट सालचा उन्हाळा आला.

हुणसेकट्टे म्हणजे मुळात एक तळं, त्याच्या बांधावर चिंचांची रांग. मंडळाला नाव त्याचंच. बांधावर खालच्या अंगाला मोहित्यांची आणि त्यांच्यासारख्यांची घरं. कुणी परीट, कुणी दूधवाला, कुणी कोरमंगल्याच्या मळ्यातली भाजी आणून विकणारा. घरं मातीची, छपरं मंगळुरी कौलांची, दारात म्हशी. येसाजीचा आजा इथंच मेला, बाप इथंच मेला, आणि आपणही इथंच मरायचं हे येसाजीनं धरूनच ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळीच सुब्बारावांनी नोटीस दिली. सभा संध्याकाळी पाचला. इतका आधी कागद कधी मिळायचा नाही, पण सुब्बारावांना दुपारी मुंजीच्या पंगतीला जायचं होतं, म्हणून टेबल मोकळं केलं. शिवाय येसाजीवर भरवसा. सकाळी निघाला काय न् दुपारी निघाला काय, पोचायचा तो वेळ टळून गेल्यावरच.

येसाजीनं मारुतीला प्रदक्षिणा घातल्या, यल्लम्माला हळद वाहिली, कॉफीचा जोडीदार मिळेपर्यंत उडुप्याच्या बाकावर ठिय्या दिला आणि जेवायला घरी आला. बायकोनं, विठाबाईनं, ताटात नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, वाढला, वर सार ओतलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज कशाची तातडी?"

तिला वाचता येत नव्हतं, पण मंडळाच्या भानगडी ऐकायची गोडी मोठी. येसाजीनं डाव्या हातानं कागद उलगडला. घास सारात बुडवत तो कन्नड वाचून मराठीत सांगू लागला, "हुणसेकट्टे तळ्याच्या बांधावरची अनधिकृत घरं काढून... ती जागा टेनिस क्लबाला..."

घास सारातच राहिला.

"वाचा की पुढं," विठाबाई म्हणाली.

"पुढं काय न्हाई. अध्यक्षांची सही हाय."

"अनधिकृत म्हंजे?"

"म्हंजे ज्याला कागद न्हाई ते."

"कागद तर दारातल्या म्हशीला बी न्हाई. मग ती काय अनधिकृत दूध देती? आन् टेनिस कोण खेळणार?"

"ते नव्या कारखान्यातले इंजिनेर. पुण्या-मुंबईचे. अध्यक्ष कल्लाप्पांनी शब्द दिलाय म्हणं."

"कल्लाप्पाच्या शब्दाला लागली आग! मत मागाया आला तवा ह्याच वट्ट्यावर बसून ताक पिऊन गेला न्हवं? विठाक्का, विठाक्का करत हुता." विठाबाईनं पळी खाली आपटली. "उठा."

"कुठं?"

"पेपरवाल्यांकडं. ते येऊन बसले तर ह्या मुडद्यांची जीभ टाळ्याला चिकटंल. पयल्या साली चिकटली हुती, तुमीच सांगता न्हवं?"

"आगं, भात ऱ्हायलाय."

"भात खाया घर तर ऱ्हाऊ दे! अवं, उठा की! पायात काय शेण भरलंय?"

येसाजी उठला. वहाणा काखोटीला मारल्या, धोतराचा काचा मारला आणि दफेदार पळत सुटला.

त्याला पळताना बघितलेलं माणूस त्या पेठेत हयात नव्हतं म्हणायला हरकत नाही. लाल पट्टा ढुंगणावर आपटतोय, फेट्याचं शेपूट मागं वाऱ्यावर, बिल्ला उलटा झालेला. उडुप्या हॉटेलाच्या दारात येऊन ओरडला, "येन आयतु, येसाजी? काय झालं?" येसाजीला बोलायला दम नव्हता. त्यानं नुसता हात वर केला. हात वर केला म्हणजे कुणीतरी मोठं माणूस वर गेलं असणार, असं धरून एका कापडवाल्यानं दुकानाच्या निम्म्या फळ्या लावून घेतल्या. शेजाऱ्यानं विचारलं, "कोण गेलं?" कापडवाला म्हणाला, "नाव कळलं नाही, पण मंडळाचं कुणीतरी आहे." "मग उघडा की दुकान," शेजारी म्हणाला.

इंग्रजी पेपरातल्या बातमीदारानं नोटीस बघितली, घड्याळ बघितलं, येसाजीकडं बघितलं.

"सभा पाचला. आता तर दुपार आहे. म्हणजे कालची पाच?"

"आजची, सायेब! व्हायची हाय अजून!"

"तारीख चुकली असेल तुमच्या सेक्रेटरीची," म्हणत त्यानं सही केली आणि कागद तारेला टोचला.

कन्नड पेपरात जो होता तो खुर्चीत मान टाकून घोरत होता. हलवला तर डोळे न उघडता म्हणाला, "सरी, सरी, बरं. झाली ना? उद्या छापतो." सही त्यानं झोपेतच केली, आणि चांगली वळणदार केली.

आता उरले हणमंतराव. येसाजी त्यांच्या टेबलाला धरून उभा राहिला, घामानं निथळत.

"आलास?" हणमंतराव म्हणाले. "म्हणजे संपली."

"संपली न्हाई, राव! सुरूच व्हायची हाय! चला माझ्यासंगं. आमची घरं पाडाया लागल्यात!"

"येसाजी, अरे, तू आलास म्हणजे सभा झाली. एवढ्या वर्षांत कधी चुकलंय? सूर्य चुकेल, तू चुकणार नाहीस. उन्हात चाललास, डोकं तापलंय तुझं. बस, पाणी पी."

"देवाशपथ सांगतो, मी आज पळत आलो!"

हे ऐकून हणमंतराव पोट धरून हसले. खिळे जुळवणारेसुद्धा आतनं येऊन हसले. दफेदार पळाला! मग हणमंतरावांनी नोटिशीवरचा विषय वाचला, तेवढे खिळे बसवले, सुतळी आवळली आणि मजकूर यंत्रावर पाठवून दिला. पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात नेमकी तेवढीच जागा रिकामी होती.

येसाजी बाहेर पायरीवर बसला. उभा जन्म हळू चालण्यात घालवला आणि एक दिवस पळाला तर त्या पळण्यावर कुणाचा विश्वास नाही. आपल्या पायांनी आपल्याच घरावर नांगर फिरवला, असं त्याला वाटलं. रडावं तर अंगात मंडळाचा कोट. आत यंत्र खडखडत होतं. थोड्या वेळानं ओल्या शाईचे गठ्ठे सायकलींवर पडले आणि पेपर विकणारे ओरडत पांगले. येसाजी उठला आणि मंडळाकडं चालायला लागला. आता पळून तरी काय करायचं होतं?

मंडळासमोरच्या हॉटेलात मेंबर जमायला लागले होते. मंडळाचा रिवाज असा, की सभागृहात आधी कुणी शिरायचं नाही. अध्यक्ष येईपर्यंत समोर कॉफी पीत बसायचं, म्हणजे कुणी कुणाची वाट बघतंय असं दिसत नाही. तेलगिरणीवाल्या मेंबरानं 'संजेदीप' विकत घेतला, पहिलं पान बघितलं आणि कॉफी बशीतच राहिली.

"हुणसेकट्ट्याच्या बांधाचा विषय पुढं ढकलला? कधी?"

"आज. सभा खेळीमेळीत पार पडली म्हणतायत," वकील मेंबर त्याच्या खांद्यावरनं वाचत म्हणाला.

"आपल्याला पाचची वेळ दिली न् ह्यानं दुपारीच उरकली!"

"क्लबवाल्यांशी परस्पर काहीतरी ठरवलं असणार. आपल्याला वाटा द्यायला नको म्हणून वगळलं."

एकेक मेंबर येत गेला, तसा तोच पेपर हातोहात फिरला आणि जो तो आपापल्या अपमानानं तापत गेला. सभा झालीच नसेल, असं एकालाही वाटलं नाही. छापून आलंय म्हणजे झालीच असणार. फार तर आपल्याशिवाय झाली असेल, आणि कल्लाप्पाकडनं तेवढी अपेक्षा सगळ्यांनाच होती.

तेवढ्यात रस्त्यावर लाल पट्टा दिसला.

"ते बघा! दफेदार पेपरवाल्यांकडनं परत आला. आता कसला संशय?" तेलगिरणीवाला म्हणाला. "काय रे येसाजी, झाली का सभा?"

येसाजीनं त्याच्या हातातल्या पेपराकडं बघितलं. मग मंडळाच्या बंद दाराकडं बघितलं. त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, पण आलं.

"पेपरात काय लिवलंय, साहेब?"

"झाली म्हणून लिहिलंय."

"मग मी दफेदार माणूस. छापल्यालं खोटं हाय असं मी कोण सांगणार?"

मेंबर उठले. कुणी टोपी आपटत गेला, कुणी कॉफीचे पैसे न देता गेला. वकील मेंबर जाताना म्हणाला, "कल्लाप्पाला सांग, आम्हाला दूध कळतं न् ताकही कळतं." येसाजीनं मान हलवली. हा निरोप मात्र त्यानं कुणालाच पोचवला नाही.

पाच वाजता अध्यक्ष कल्लाप्पा मोटारीतनं उतरले. सभागृहात केसरीभाताची ताटं मांडलेली, पंखे फिरतायत, सुब्बाराव ठरावाचा कागद घेऊन बसलेले. माणूस एक नाही. वाट बघून बघून केसरीभातावर खपली धरली. शेवटी समोरच्या हॉटेलात मेंबर पेपर वाचून उठून गेले असं कळलं, तेव्हा सुब्बारावांनी तो पेपर मागवला आणि वाचून अध्यक्षांपुढं ठेवला.

"कोण हा हणमंतराव? त्याला फाशी द्या!" कल्लाप्पा कन्नडात गरजले. "उद्याच्या उद्या छापायला सांगा, सभा झालीच नाही म्हणून!"

"सांगता येईल," सुब्बाराव म्हणाले. "पण मग लोक विचारतील, का झाली नाही? मेंबर आले नाहीत म्हणून. का आले नाहीत? पेपरात वाचलं म्हणून. सभेआधीच पेपरात कसं आलं? दफेदार वेळेवर पोचला म्हणून. मग ते विचारतील, वेळेवर पोचला यात एवढं नवल काय?"

कल्लाप्पा खाली बसले आणि केसरीभात खाऊ लागले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी मौज झाली. सभेला हजर राहिल्याचा भत्ता मिळायचा. आदल्या संध्याकाळी रागावलेले मेंबर सकाळी शांत झाले, आणि एकेकानं येऊन हजेरीपटावर सही केली. माझ्या पाठीमागं सभा झाली तर झाली, भत्ता कशाला सोडू? सगळ्यांच्या सह्या पडल्या, म्हणजे सभा झाली. पेपरातही झाली, कागदावरही झाली. एरवी पेपर काहीही म्हणो, ठराव मेंबरांच्या तोंडून व्हायचा; या वेळी मेंबरच म्हणू लागले की विषय पुढं ढकलला गेला, म्हणून तेही पक्कं झालं. आता मंडळाचा नियम असा, की एकदा पुढं ढकललेला विषय तातडीचा म्हणून परत आणता येत नाही. तो साध्या सभेतच यायला पाहिजे. फळ्यावर नोटीस, चौकात दवंडी, आठवड्याची मुदत.

सुब्बारावांनी येसाजीला आत बोलावलं.

"तुझ्यावर ठपका ठेवायचाय," ते म्हणाले. "काय लिहू ते सुचत नाही. 'दफेदारानं टपाल ताबडतोब पोचवलं' असं लिहिलं तर वरचा साहेब तुला बक्षीस देईल."

"मग नगा लिवू, अण्णा."

"पेपरवाल्यांचं काम आजपासून काढून घेतलं तुझ्याकडून. बाहेर स्टुलावर बस."

येसाजी स्टुलावर जाऊन बसला. पेपरांचं काम एका नव्या माणसाला दिलं. त्याच्या गुडघ्यात वात होता आणि मंडळाचा त्याच्यावर फार जीव होता.

आठवडाभरानं साधी सभा भरली. बांधावर दवंडी ऐकू न जायला दवंडीवाला परका थोडाच होता? तो बांधावरचाच. त्यानं चौकात पिटायची ती विठाबाईच्या दारात येऊन दोनदा पिटली. सभेच्या दिवशी सभागृहातले पुढचे सगळे बाक बायकांनी धरले, शेणाचे हात पदराला पुसत. विठाबाई अध्यक्षांच्या बरोबर समोर बसली. हणमंतरावही आले होते. दवंडी पिटलेल्या सभेला जायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. ते खुर्ची कुठं ठेवायची हे शोधत हिंडत होते.

कल्लाप्पांनी विषय वाचला.

"काय कल्लाप्पा अण्णा," विठाबाई बसल्या जागेवरनं म्हणाली, "ताक प्यायला कवा येताय?"

मेंबर खाली बघू लागले. तेलगिरणीवाल्यानं नाक शिंकरलं. मग वकील मेंबर उठून म्हणाला, की गोरगरिबांच्या निवाऱ्यावर घाला घालणारा असा ठराव या मंडळात आलाच कसा, याचंच त्याला दुःख होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वात मोठ्या टाळ्या कल्लाप्पांनी वाजवल्या. ठराव एकमतानं फेटाळला गेला, आणि सुब्बारावांनी तो वळणदार अक्षरात फेटाळून ठेवला.

टेनिसवाल्यांनी पुढं दुसरीकडं जागा धरली. ती कुणाची होती आणि तिथल्यांना कधी कळलं, ते त्यांचं त्यांना माहीत.

सभेहून परत आल्यावर विठाबाईनं नवऱ्याला कौतुकाचा एक शब्दही बोलून दाखवला नाही. तिनं त्याला तळ्यात उतरवलं, उन्हाळ्यानं उघडी पडलेली चिकणमाती घमेल्यानं वर आणायला लावली आणि मागल्या बाजूची खचलेली भिंत लिंपायला घेतली. पाडणारच असतील तर कशाला लिंपा, म्हणून आठवडाभर ती तशीच ठेवली होती.

"अवं, हात चालवा की," ती वरनं ओरडली. "माती वाळाया लागली."

येसाजीनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि बांध चढायला लागला.